समन्सानंतरचा अंक

आमच्या देवस्थानच्या वार्षिक उत्सवात या वर्षी तिसऱ्या रात्री स्थानिक हौशी मंडळींनी मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू' नाटकातील काही प्रवेश करून दाखविले. रंगमंच साधा, पडदे भाड्याचे, आणि पेटी-तबल्याची साथ करणारे गृहस्थ दिवसा बँकेत नोकरी करणारे. तरीही प्रयोग चांगला वठला. भानुमतीची भूमिका करणारी मुलगी विद्यानगरातल्या कॉलेजात शिकते. तिचे मराठी हुबळीच्या वळणाचे असले तरी तिच्या आवाजात निश्चय होता. नायिका घराबाहेर पाऊल टाकते त्या क्षणी सभामंडपात टाळ्यांचा गजर झाला. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ उपरण्याने डोळे टिपीत म्हणाले, "सुटली बिचारी !"

टाळी मीही वाजविली होती. परंतु त्या उद्गाराने माझ्यातील वकील जागा झाला आणि उरलेली रात्र त्याने मला स्वस्थ झोपू दिले नाही. सुटली म्हणजे नेमके काय झाले ? कोणत्या बंधनातून, कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या तारखेपासून ? रसिकाला हे प्रश्न अरसिक वाटतील हे मी जाणतो. तथापि गेली वीस वर्षे ज्याने घर सोडलेल्या स्त्रिया आणि त्यांनी सोडलेले पुरुष न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेले पाहिले आहेत, त्याला नाटकाचा पडदा पडल्यावर उठून घरी जाता येत नाही. त्याच्या दृष्टीने खरे नाटक तेथून पुढे सुरू होते. आमच्या रंगभूमीने व चित्रपटाने त्या पुढच्या अंकाकडे कसे पाहिले, किंवा पाहण्याचे कसे टाळले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'कुलवधू' १९४२ साली रंगभूमीवर आले आणि भानुमतीच्या भूमिकेत गोव्याच्या कन्या ज्योत्स्नाबाई भोळे यांनी महाराष्ट्राला जिंकले. त्याच्या आदल्याच वर्षी अनंत काणेकरांनी इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'चे 'घरकुल' हे रूपांतर मराठीत आणले होते, आणि त्याहीपूर्वी, १९३४ साली, आचार्य अत्र्यांच्या 'घराबाहेर'ने सासरचा उंबरठा ओलांडणारी स्त्री मराठी प्रेक्षकांपुढे उभी केली होती. या तिन्ही नाटकांच्या पाठीशी नॉर्वेतल्या त्या दाराचा आवाज आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षकांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे. परंतु एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इब्सेनची नोरा घर सोडण्यापूर्वी पतीला केवळ आपले मन सांगत नाही, ती कायद्याचीही भाषा बोलते. पत्नीने घर सोडले म्हणजे पती तिच्याविषयीच्या जबाबदारीतून कायद्याने मोकळा होतो असे आपण ऐकले आहे, असे ती म्हणते. आपणही त्याला सर्व बंधनांतून मोकळे करते, आणि अंगठी परत मागून घेते. म्हणजे १८७९ सालच्या त्या दारामागे कायद्याचे एक दुसरे दार आहे, आणि ते उघडे असल्याची पात्रांना निदान कल्पना तरी आहे.

हेच दार मुंबई-पुण्याच्या हिंदू घराला बसविले की त्याचा अर्थ बदलतो. १९४२ साली मुंबई प्रांतात शास्त्रोक्त विधीने लग्न झालेल्या हिंदू स्त्रीला घटस्फोट मागता येईल असा कायदा नव्हता. काही ज्ञातींत काडीमोडीची रूढी होती आणि न्यायालये ती मानीत. परंतु ज्या पांढरपेशा घरांत ही नाटके घडतात त्यांत ती नव्हती. घर सोडून गेलेली स्त्री कायद्याने पत्नीच राहत असे. पती तिच्यावर सहवासाचा दावा लावू शकत असे. असा हुकूमनामा न पाळणाऱ्याला कैदेत टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली होती, परंतु मालमत्तेच्या जप्तीची भीती राहिली होती. पतीला स्वतःला मात्र दुसरे लग्न करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तेव्हा १९४२ सालची भानुमती बाहेर पडली ती अशा रस्त्यावर की ज्याच्या दुसऱ्या टोकाला गावच नव्हते. रांगणेकरांनी पडदा तेथेच पाडला यात नाट्यगुण आहेच. परंतु पुढे दाखविण्याजोगे काही कायद्यातच नव्हते, हेही एक कारण असावे असे मला वाटते. या कारणाने त्या नाटकाची थोरवी कमी होत नाही. उलट, तिच्या पावलातील धोका आपल्याला अधिक कळतो. टाळ्या वाजविणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला मात्र तो धोका दिसत नाही, आणि म्हणून तो सहज म्हणून जातो, "सुटली बिचारी !"

रस्ता झाला तो पुढील पाच वर्षांत. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नास बंदी केली आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा संमत केला. आपल्या वाचकांपैकी तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, परंतु धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. म्हणून हुबळी-धारवाडच्या हिंदू स्त्रीला हा मार्ग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षे आधी खुला झालेला होता. आपल्या गोव्याकडील सोयऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. पोर्तुगालात १९१० साली निघालेल्या घटस्फोटाच्या फर्मानाचा अंमल तेथेही होता. आणि हे सारे परकीयांचे अनुकरण आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कौटिल्याचे तिसरे अधिकरण उघडून पाहावे. पति-पत्नींचा परस्परांविषयी द्वेष असेल तर मोक्ष मिळू शकतो, असे तो सांगतो. धर्मविवाहांना मात्र तो ही सवलत देत नाही. दोन्ही वाक्ये त्याचीच आहेत. आपण वादाच्या सोयीप्रमाणे एक वाचतो आणि दुसरे गाळतो.

रंगभूमीवर कायदा आला नाही असे नाही. देवलांच्या 'शारदे'त तो १८९९ सालीच आला. परंतु कसा आला ते पाहावे. म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न मोडते ते शारदेच्या नकारावर नव्हे, सगोत्राच्या मुद्द्यावर. आणि तिचा पुढील मार्ग मोकळा होतो तो आचार्यांच्या अनुमतीने. कायदा येथे आकाशातून उतरतो, एका वाक्यात निकाल देतो आणि निघून जातो. त्याला तारखा नाहीत, खर्च नाही, साक्षीदारांची दमछाक नाही. देवलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनीही आपली कल्पना तेथेच थबकलेली असेल, तर तो दोष आपला आहे.

विशेष हे की, ज्या काळात देवल लिहीत होते त्याच्या थोडे आधी, प्रत्यक्ष मुंबईच्या उच्च न्यायालयात या विषयावरचे एक संपूर्ण नाटक घडून गेले होते. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. त्या सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि पतीच्या घरी नांदावयास गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जो सहवास कधी घडलाच नाही तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा द्यावयाचा, असा त्यांचा प्रश्न होता. १८८६ साली अपिलात तो निर्णय फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एका महिन्यात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. वर्तमानपत्रे पेटली, टिळक एका बाजूस आणि सुधारक दुसऱ्या बाजूस उभे राहिले, आणि अखेरीस १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडली.

चार वर्षे आणि तीन निर्णय : नाट्यदृष्ट्या याहून अधिक काय हवे ? परंतु याचा शेवट नाटककाराला पेचात टाकणारा आहे. कारण रखमाबाई जिंकल्याही नाहीत आणि हरल्याही नाहीत. हिंदू कायद्यात घटस्फोट नसल्यामुळे लग्न कायमच राहिले. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेस व राजकोटास त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आणि १९०४ साली दादाजी वारले तेव्हा, ज्याच्या घरी त्या एक दिवसही नांदल्या नव्हत्या त्याची विधवा म्हणून, त्यांनी पांढरे वस्त्र धारण केले. या एका कृतीचा अर्थ लावता लावता दहा टीकाकार थकतील. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या मे महिन्यात अमलात आला. रखमाबाई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, निवर्तल्या. सुटकेचा कायदा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, पण त्याचा उपयोग करण्याचे वय आणि कारण दोन्ही केव्हाच मागे पडले होते.

आता आजच्या दिवसाकडे येऊ. आज आमच्या घरांतून नाटकापेक्षा दूरचित्रवाणीवरील मालिका अधिक पाहिल्या जातात, आणि त्यांतील घटस्फोट एका ठरीव दृश्याने होतो. टपाल येते, किंवा पती स्वतःच टेबलावर कागद फेकतो; पत्नी थरथरत्या हाताने सही करते; कुंकवाकडे एकदा पाहते; पिशवी उचलते. झाले. पुढच्या भागात दोघेही मोकळे. कलेच्या दृष्टीने हे दृश्य निर्जीव आहे हा त्याचा लहान दोष. कायद्याच्या दृष्टीने ते संपूर्णपणे खोटे आहे हा मोठा. आणि असे खोटे रोज रात्री हजारो घरांत सांगितले जाते तेव्हा ते केवळ समीक्षेचा विषय राहत नाही.

एक अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलला आहे. दोन चातुर्मासांपूर्वी आपल्याच समाजातील एक बाई मुलीचा हात धरून माझ्याकडे आल्या. माहेर कोकणपट्टीचे, त्यामुळे कन्नड बोलणे थोडे येई, वाचणे मुळीच नाही. हातात एक लांबट पाकीट होते. त्यावर हळदीचे बोट उमटलेले होते. म्हणाल्या, "वकीलमाम, हे आले त्या दिवशी मी देवघरात चौरंगाखाली ठेवले. सही माझ्याकडून घेतलीच होती. म्हटले, सही झाली म्हणजे सगळे संपले." पाकिटात न्यायालयाचे समन्स होते, पतीच्या अर्जाची नक्कल होती आणि हजर राहण्याची तारीख होती. ती तारीख जाऊन कित्येक महिने झाले होते. बाई गैरहजर म्हणून काम एकतर्फी चालले, आणि तीन आठवड्यांपूर्वी घटस्फोटाचा हुकूमनामाही झाला होता. ही बातमी त्यांना न्यायालयाकडून कळलीच नाही. देवळात प्रसादाच्या पंक्तीत कोणी तरी त्यांना ती सांगितली.

या पाकिटाचा अर्थ नीट सांगणे हे येथे टीकाकाराचेच काम आहे, कारण मालिकेने केलेला अनर्थ त्याशिवाय कळणार नाही. वकिलाची नोटीस निराळी आणि न्यायालयाचे समन्स निराळे. नोटीस हे एका वकिलाचे पत्र. त्याने लग्न मोडत नाही आणि खटलाही सुरू होत नाही. समन्सावर न्यायालयाचा शिक्का, कामाचा क्रमांक आणि तारीख असते. बेलिफाने घेतलेली सही ही पोच आहे, संमती नव्हे. ते घेण्याचे नाकारले तर दारावर चिकटवून बजावणी होऊ शकते. घरातील सज्ञान माणसाने घेतले तरी ते बहुधा पोहोचले असे समजले जाते. पत्ताच लागला नाही तर वर्तमानपत्रातील जाहिरातीनेही बजावणी होते. म्हणून ते चौरंगाखाली ठेवल्याने थांबत नाही. जाबदाराने हजर होऊन साधारणतः तीस दिवसांत, आणि कारण दाखविल्यास नव्वद दिवसांपर्यंत, आपली लेखी कैफियत द्यावयाची असते. तिने केवळ आरोप नाकारावेत असेही नाही. त्याच कामात ती स्वतःचा उलट दावाही करू शकते.

हा झाला पहिला प्रवेश. दुसरा प्रवेश पैशाचा आहे, आणि आमच्या लेखकांना तो नेहमीच क्षुद्र वाटत आला आहे. खटला चालू असेपर्यंतची पोटगी आणि खटल्याचा खर्च मागण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, तोही पती-पत्नींपैकी ज्याला उत्पन्न अपुरे असेल त्या कोणालाही. आणि असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असे २००१ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. दोघांनीही मिळकतीची व देण्याची प्रतिज्ञापत्रे द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून दिले. अर्जदार जेव्हा न्यायाधीशांसमोर आपला पगार कागदावर लिहितो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते एखाद्या नटाने एकदा पाहून ठेवावे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेल्या स्त्रियांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो : १९८७ च्या विधिसेवा कायद्याखाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो.

तिसरा प्रवेश समेटाचा. निकालाकडे जाण्यापूर्वी दोघांना पुन्हा जोडता येते का हे पाहणे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्याने त्यासाठी समुपदेशकांची योजना केली, आणि पक्षकारांनी शक्यतो स्वतः बोलावे म्हणून वकिलाला तेथे हक्काने उभे राहता येणार नाही, असेही ठरविले. एका लहानशा खोलीत दोन खुर्च्यांवर बसलेली ती दोघे, ज्यांनी वर्षभर एकमेकांशी बोलणे सोडले आहे, ती मुलाच्या शाळेच्या वेळेविषयी बोलू लागतात. या प्रवेशात कधी कधी लग्न वाचते. बहुधा वाचत नाही. परंतु दोघांच्या भाषेतील विष थोडे उतरते, आणि एकमेकांच्या संमतीने वेगळे होण्याची वाट, जी कायद्यात १९७६ साली आली, येथूनच फुटते.

त्यानंतर पुरावा, उलटतपासणी, मुलांच्या ताब्याचा प्रश्न, लग्नात मिळालेल्या वस्तूंची यादी. जाबदार गैरहजर असला तरी अर्जदाराला आपले म्हणणे सिद्ध करावेच लागते. न्यायाधीशांची खात्री पटल्यावाचून हुकूमनामा होत नाही. आणि हुकूमनामा झाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील निकालात निघेपर्यंत, दुसरे लग्न करता येत नाही. मालिकेतील नायकाने दुसऱ्याच भागात बांधलेल्या मुंडावळ्या कायद्याच्या दृष्टीने त्याला चांगल्याच महागात पडाव्यात.

त्या बाईंचे पुढे काय झाले ? हुकूमनाम्यापासून तीस दिवसांच्या आत आलो म्हणून एकतर्फी हुकूम रद्द करण्याचा अर्ज करता आला. भाषा न कळल्याचे आणि गैरसमजाचे कारण न्यायालयाने खर्चाच्या अटीवर मान्य केले. काम पुन्हा उभे राहिले. दीड वर्षानंतर दोघे संमतीने वेगळी झाली; बाईंचे दागिने परत मिळाले आणि मुलीच्या शिक्षणाची तरतूद झाली. लग्न वाचले नाही. ते वाचविण्याची बाईंचीही इच्छा नव्हती. शेवटच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "हा कागद म्हणजे बोलावणे आहे, एवढे मला कोणी सांगितले असते तर मी त्याच दिवशी आले असते." घालवून देण्याचा कागद म्हणून त्यांनी तो देवापुढे ठेवला होता. तो होता बोलावण्याचा.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण तारखा आणि तहकुब्या यांचे नाटक कसे व्हावयाचे? प्रेक्षक झोपी जाईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण न्यायालयात मी स्वतः झोपेशी झगडलेला आहे. परंतु त्याचे उत्तर मराठीतच मिळालेले आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा चित्रपट घटस्फोटावर नाही. एका लोकशाहिरावरील फौजदारी खटल्याचा तो आहे. परंतु खटल्याचा काळ कसा सरकतो हे त्याने जसे दाखविले तसे आपल्याकडे पूर्वी क्वचितच कोणी दाखविले असेल. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे काम न्यायाधीश ऐकत नाहीत. सरकारी वकीलबाई संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. कोणी खलनायक नाही, आणि तरीही माणूस भरडला जातो. तेंडुलकरांच्या 'शांतता ! कोर्ट चालू आहे'ने १९६७ साली न्यायालयाचा खेळ करून समाजाची क्रूरता उघडी केली. ते नाटक थोर आहे, परंतु त्याचे कोर्ट मुद्दामच खोटे आहे. ताम्हाण्यांनी खरे कोर्ट घेतले आणि त्याचा कंटाळाच कलेचा विषय केला.

घटस्फोटाच्या बाबतीत हे काम इराणच्या असगर फरहादी यांनी २०११ सालच्या 'अ सेपरेशन' या चित्रपटात केले. पहिल्याच दृश्यात पति-पत्नी न्यायाधीशांपुढे बसली आहेत. न्यायाधीश दिसत नाहीत, त्यांच्या जागी प्रेक्षक आहे. शेवटच्या दृश्यात मुलगी आत न्यायाधीशांना आपण कोणाकडे राहणार ते सांगते आहे, आणि आई-बाप बाहेर व्हरांड्यात एकमेकांपासून दूर थांबलेले आहेत. उत्तर आपल्याला ऐकविले जात नाही. तो व्हरांडा मी ओळखतो. विद्यानगरलगतच्या तिम्मसागर येथे २०१८ साली उघडलेल्या आमच्या न्यायालय-संकुलातही तो आहे. इमारत भव्य आहे, पण थांबणाऱ्या माणसांचे बसणे तसेच आहे. तेहरानच्या दिग्दर्शकाला जे दिसले ते हुबळी-पुण्याच्या लेखकाला दिसू नये, असे काही नाही. सामग्रीची उणीव तर मुळीच नाही. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला दास्ताने खटलाच घ्या. पुण्यात अर्ज दाखल झाला. तीन न्यायालये ओलांडून तो १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या लेखणीने संपला. पत्नीकडून क्रूरता घडली हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्यानंतरही दोघे एकत्र राहिली, म्हणजे पतीने ती क्षमा केली, असे ठरवून त्याची मागणी फेटाळली. वर्षानुवर्षांच्या भांडणाचा निकाल शेवटी 'क्षमा' या एका शब्दावर ठरला, आणि ती क्षमाही अशी की केलेल्या माणसाला केल्याचे ठाऊक नव्हते ! या कथेला मसाला लावण्याची गरज नाही.

कायद्यालाही जाब विचारला पाहिजे. १९७६ पासून त्यात लिहिलेले आहे की, असा खटला बजावणीपासून सहा महिन्यांत संपविण्याचा प्रयत्न व्हावा. हे वाक्य व्हरांड्यात बसलेल्यांना वाचून दाखवावयाचे धाडस मला होत नाही. समन्स कन्नडमध्ये येते ते राज्याच्या भाषेप्रमाणे योग्यच आहे. परंतु ते हाती देताना, "हे बोलावणे आहे, या तारखेला या," एवढे तोंडाने समजेल अशा भाषेत सांगण्यास कोणत्या दुरुस्तीची आवश्यकता आहे? आणि आपण स्वतः, म्हणजे देवस्थानाभोवतीचा हा समाज ? लग्नाच्या दिवशी अक्षता टाकावयास चारशे माणसे जमतात. समन्स येते त्या दिवशी ती चारशेही माणसे बातमी जाणतात. चौरंगाखालचे पाकीट उघडून वाचावयास मात्र एकही येत नाही. ही गोष्ट मी दुसऱ्यांना सांगतो असे नाही. ती बातमी पंक्तीत माझ्याही कानावर आली होती, आणि मीही पुढचा पदार्थ वाढून घेतला होता.

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ मला पुन्हा भेटले. रात्रभर मनात घोळलेले हे सारे मी त्यांना थोडक्यात सांगितले : सन बेचाळीसच्या भानुमतीला कायद्याने सुटका नव्हती; आज आहे, पण तिला तारखेला हजर राहावे लागेल, कैफियत द्यावी लागेल, कदाचित वर्षानुवर्षे यावे लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "हे सगळे खरे, वकीलमाम. पण पहिल्या तारखेला तिच्याबरोबर जावयाचे कोणी ?"

पुढच्या वर्षीच्या उत्सवासाठी मंडळींनी नवीन एकांकिका मागविल्या आहेत. कोणी लिहिणार असेल तर त्याने येथून आरंभ करावा.